घर तिच्या नावावर होतं

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला काही खोडी लागतात. नोटा मोजताना बोट जिभेकडे नेण्याची, कुणाची सही दिसली की ती नमुना सहीशी ताडून पाहण्याची, आणि कुठलीही वास्तू समोर आली की 'ही कुणाच्या नावावर आहे?' असं विचारण्याची. निवृत्तीनंतर पहिल्या दोन खोडी गेल्या. तिसरी काही जात नाही. ताजमहाल पाहायला गेलो तरी मनात सात-बाराच येतो, असं आमच्या घरात माझ्याबद्दल बोललं जातं.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलीकडे म्युनिकला गेलो होतो. एका रविवारी तिनं आम्हाला मुर्नाऊ नावाच्या गावी नेलं. आगगाडीनं तासाभराचा रस्ता. आल्प्सच्या पायथ्याचं टुमदार गाव, टेकाडावर चर्च आणि जुना गढीवजा वाडा, खाली दलदलीचं लांबच लांब कुरण, आणि रेल्वेच्या रुळांजवळ उतारावर एक घर. मुलगी म्हणाली, ''बाबा, हे ते रशियन लोकांचं घर. गावातले लोक तसंच म्हणायचे. कांडिन्स्की इथं राहायचा.''

वासिली कांडिन्स्की हे नाव चित्रकलेत ज्यांना थोडीफार गोडी आहे त्यांना ठाऊक असतं. झाड, घर, माणूस यांची ओळख पुसून नुसत्या रंगांचं आणि रेषांचं चित्र काढता येतं, हे ज्यांनी जगाला दाखवलं त्यांतला तो बिनीचा शिलेदार. मी खोडीप्रमाणे विचारलं, ''म्हणजे घर त्याचं?'' मुलीनं हातातलं पत्रक पाहिलं. ''नाही. घर गाब्रिएल म्युंटरचं. १९०९ साली तिनं विकत घेतलं.''

घर घेतलं एका जर्मन बाईनं, आईवडिलांच्या मागे आलेल्या पैशातून. गावानं त्याला नाव दिलं तिच्याकडे राहणाऱ्या रशियन पाहुण्यावरून. तिथूनच माझं कुतूहल चाळवलं. परतल्यावर वर्षभर जे मिळेल ते वाचलं, आणि त्यातून जे मनात साचलं ते आज वाचकांपुढे मांडतो आहे. मी चित्रकलेचा जाणकार नाही. कादंबऱ्या लिहितो, आणि त्याआधी एकतीस वर्षं कर्जं दिली. दोन्ही धंद्यांत माणसाच्या गोष्टीत कुणाचं नाव कुठं लिहिलं गेलं, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

गाब्रिएल म्युंटर १८७७ साली बर्लिनमध्ये जन्मली. आईवडील दोघांनीही तारुण्याची वर्षं अमेरिकेत काढलेली होती. वडील ती नऊ वर्षांची असताना गेले, आई विशीत असताना. पुढे १८९८ पासून दोन वर्षं ती आणि तिची बहीण अमेरिकेत नातेवाइकांकडे हिंडल्या: टेक्सस, अर्कान्सा, मिसुरी. तिथं तिच्या हाती कोडॅकचा कॅमेरा आला आणि तिनं सुमारे चारशे छायाचित्रं काढली. हा तपशील मी मुद्दाम आधी सांगतो आहे. कारण या बाईची गोष्ट बहुतेक ठिकाणी १९०२ पासून, म्हणजे तिला कांडिन्स्की भेटला तिथपासून सुरू करतात. तो भेटण्यापूर्वी दोन वर्षं ती परक्या मुलखात माणसांकडे, रस्त्यांकडे, मोकळ्या माळाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होती आणि त्याची चौकट स्वतः ठरवत होती.

१९०१ मध्ये ती म्युनिकला आली. तिथल्या सरकारी कला अकादमीत तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. बायकांच्या मंडळानं चालवलेल्या शाळेत काही दिवस काढून ती 'फालांक्स' नावाच्या नव्या शाळेत गेली. तिथं शिकवायला कांडिन्स्की होता. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि विवाहित. पुढच्या उन्हाळ्यात वर्ग चित्रं काढायला कोखेल या गावी गेला. डोंगर, तळं, सायकलवरून भटकणं. जे व्हायचं ते झालं. मग एके दिवशी गुरुजींनी शिष्येला विनंती केली की, आता तू इथून जावंस, कारण माझी पत्नी येणार आहे. ती गेली. पुढची बारा-चौदा वर्षं कशी जाणार, याची चुणूक तिला तेव्हाच मिळायला हवी होती, असं आपण आज म्हणू शकतो. पंचविशीत ते कुणाला दिसतं?

या काळातली एक आठवण म्युंटरनं स्वतः सांगून ठेवली आहे. कांडिन्स्की तिला म्हणाला होता की, विद्यार्थिनी म्हणून तू अगदी वाया गेलेली आहेस, तुला काही शिकवता येत नाही. जे आहे ते निसर्गानं तुला दिलेलंच आहे. मी फार तर एवढंच करू शकतो की त्या देणगीची राखण करीन, तिच्यात काही खोटं शिरू देणार नाही. एका थोर चित्रकारानं नवशिक्या मुलीला याहून मोठं प्रशस्तिपत्र क्वचितच दिलं असेल. यातला 'राखण' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढं परत येणार आहे, उलट्या बाजूनं.

१९०४ ते १९०८ ही दोघं हिंडत राहिली. हॉलंड, ट्युनिस, इटलीचा समुद्रकिनारा, पॅरिसजवळचं गाव. हिंडण्याला कलेची ओढ होती, तशीच लोकांच्या नजरेची भीतीही होती. १९०८ मध्ये मुर्नाऊ सापडलं. तिथं त्यांच्या जोडीला आणखी एक रशियन जोडी होती: अलेक्सी याव्हलेन्स्की आणि मारियाना फॉन वेरेफकिन. चौघं एकाच रस्त्याची, एकाच डोंगराची चित्रं काढत. त्या काही आठवड्यांत म्युंटरची चित्रं बदलली. सुरीनं थापलेले जाड रंग गेले. ठळक काळसर रेघ आली आणि तिच्या आत सपाट, भरदार रंग. कधी कधी ती दिवसात चार-पाच चित्रं करी. त्या भागात काचेच्या मागच्या बाजूनं चित्र रंगवण्याची जुनी लोककला होती. आपल्याकडेही साताऱ्या-पुण्याकडच्या जुन्या वाड्यांतून अशी काचचित्रं असत. त्यांत चूक खोडता येत नाही आणि रेघ आधी काढावी लागते. गावातल्या एका कारागिराकडून म्युंटर ती शिकली. त्या मंडळींत ही कला हाताळणारी पहिली तीच; कांडिन्स्की आणि बाकीचे तिच्यामागून आले.

१९११ च्या डिसेंबरात म्युनिकमध्ये 'ब्लाउअ रायटर', म्हणजे 'निळा घोडेस्वार', या गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं. आधुनिक चित्रकलेच्या कुठल्याही इतिहासात त्याला पान असतं. म्युंटरची चित्रं त्यात होतीच. आणि त्या दालनांची जी छायाचित्रं आजही पुस्तकांतून छापली जातात, ती काढणारीही तीच. भिंतीवर काय कुठं टांगलं होतं हे जगाला तिच्यामुळे कळतं.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. कांडिन्स्की रशियाचा, म्हणजे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक. दोघं स्वित्झर्लंडला गेली, तिथून तो मॉस्कोला निघून गेला. पहिल्या बायकोपासून त्याला १९११ मध्येच फारकत मिळालेली होती. लग्नाचं वचन जुनं होतं. ती १९१५ मध्ये तटस्थ स्वीडनमध्ये जाऊन त्याची वाट पाहत राहिली. डिसेंबरात तो स्टॉकहोमला आला, मार्चमध्ये गेला. त्यानंतर ती दोघं आयुष्यात पुन्हा भेटली नाहीत. १९१७ च्या फेब्रुवारीत त्यानं मॉस्कोत दुसरीशी लग्न केलं. हिला ते कळायला काही वर्षं गेली. हा माणूस जिवंत तरी आहे का, याची ती चौकशी करत होती.

इथं कादंबरीकाराला मोह होतो. मला झाला होता. दोन प्रकरणं लिहून फाडली. पण मला तिच्या दुःखापेक्षा पुढच्या हिशेबात जास्त रस आहे. कारण फसवलेली बाई म्हणून तिची कणव करणं, हाही तिची चित्रं न पाहण्याचा एक सभ्य मार्ग आहे.

१९२० नंतर कांडिन्स्की जर्मनीला परतला, बाउहाउसमध्ये प्राध्यापक झाला, आणि त्याला मागं ठेवलेली आपली चित्रं आठवली. ती सगळी म्युंटरकडे होती. वकिलांमार्फत पत्रव्यवहार चालला. १९२६ मध्ये तडजोड झाली: काही पेट्या तिनं परत केल्या, आणि उरलेल्या सगळ्या चित्रांवर तिचा पूर्ण हक्क त्यानं लेखी मान्य केला. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवसापासून ती चित्रं तिच्या मालकीची झाली. हे कलम मी दोनदा वाचलं, कारण पुढं सगळीकडे जे लिहिलं जातं त्याच्याशी ते जुळत नाही.

पुढं काय झालं ते सांगतो. १९३१ मध्ये ती मुर्नाऊच्या घरी कायमची राहायला आली. हिटलर सत्तेवर आला. १९३७ साली म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' नावाचं कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवून नव्या चित्रकारांची टवाळी करण्यात आली. कांडिन्स्कीची चित्रंही त्या भिंतींवर होती. अशी चित्रं जवळ बाळगणं धोक्याचं होतं. म्युंटरनं ती सगळी घराच्या तळघरात दडवली. युद्ध झालं, घरांच्या झडत्या झाल्या, अमेरिकन सैन्य आलं. तळघर कुणाला सापडलं नाही. १९४४ मध्ये कांडिन्स्की पॅरिसजवळ वारला. १९५७ मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्तानं, तिनं हा सगळा ठेवा म्युनिक शहराला देऊन टाकला: हजाराहून अधिक कलाकृती, त्यांत कांडिन्स्कीची सुमारे ९० तैलचित्रं, आणि स्वतःची पंचवीसेक. शहराचं लेनबाखहाउस हे संग्रहालय त्या एका देणगीनं जगाच्या नकाशावर आलं.

तर लोक काय लिहितात? 'तिनं कांडिन्स्कीची चित्रं सांभाळली.' ती राखणदार. गाइड हेच सांगतात, पत्रकांत हेच असतं, तिच्याविषयी आदरानं लिहिणारेही इथंच येऊन थांबतात.

आमच्या बँकेत 'सेफ कस्टडी' नावाची एक सोय असे. गिऱ्हाईक आपली पेटी लाखेनं मोहरबंद करून आणी. आम्ही ती तिजोरीच्या खोलीत ठेवत असू, रजिस्टरात नोंद करत असू, पावती देत असू. आत काय आहे ते विचारायचं नाही. पेटीतल्या वस्तूंची बँकेला माहिती नाही, असं पावतीवरच म्हटलेलं असे. पुढं गिऱ्हाईक किंवा त्याचा वारस येई, सही करून पेटी घेऊन जाई. सांभाळणाऱ्याचे आभार मानून तो निघून जाई. त्या कारकुनाला घरी कविता करण्याचा नाद आहे की काय, हे विचारण्याचं कुणाला कारण नव्हतं.

म्युंटरचं नेमकं असंच झालं. ती मालक असताना तिला राखणदार म्हटलं गेलं. म्हणजे ज्या ठेव्यासाठी तिनं आयुष्याची किंमत मोजली होती तो जणू पहिल्यापासून दुसऱ्याचाच होता. आणि राखणदार म्हटल्यावर तिचं स्वतःचं काम पाहण्याची गरज संपली. तिची देणगी राखीन असं ज्यानं सांगितलं होतं, त्याच्या देणगीची राखण हीच तिची ओळख झाली. अवहेलना झाली असती तर निदान कुणी तरी भांडलं असतं. कौतुकाशी कोण भांडणार? तिनं स्वतः डायरीत नोंदवून ठेवलं आहे की, पुष्कळांच्या लेखी आपण कांडिन्स्कीला जोडलेलं एक अनावश्यक शेपूट होतो, आणि बाईच्या अंगी स्वतःची अस्सल प्रतिभा असू शकते हे लोक सहज विसरतात.

तिचा पुढचा सोबती योहानेस आइखनर हा कलेचा अभ्यासक. त्यानं तिला सावरलं, पुन्हा रंगांकडे वळवलं. १९२० नंतरची काही वर्षं ती जवळजवळ नुसती रेखाटनंच करत होती. पण १९५७ मध्ये त्यानं जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावात आधी कांडिन्स्की आहे, मग म्युंटर. आणि आत त्यानं तिचं जे चित्र रंगवलं ते भोळ्या, विचार न करता सहज चितारणाऱ्या निसर्गकन्येचं. विचार करायचा तो कांडिन्स्कीनं. हिच्या हातून आपोआप उमटायचं. जवळच्या माणसानं प्रेमानं लिहिलेलं असल्यामुळे ते अधिकच घट्ट बसलं.

मुर्नाऊहून आल्यावर आम्ही लेनबाखहाउस पाहिलं. कांडिन्स्कीच्या दालनातून पुढं सरकताना एका लहानशा चित्रासमोर मी थबकलो. हिरव्या उतारावर एक पुरुष आणि एक बाई आडवी झाली आहेत. वर निळं आकाश. याव्हलेन्स्की आणि वेरेफकिन. १९०९ च्या सुमाराचं म्युंटरचं चित्र. दोघांच्या चेहऱ्यांवर नाक नाही, डोळे नाहीत. नुसता रंगाचा गोळा. तरी ती दोघं कशी पहुडली आहेत, त्यांच्यात काय आहे, काय नाही, सगळं कळतं. मी ते बिनडोळ्यांचे चेहरे पाहत राहिलो, आणि मला पेण आठवलं.

१९८९ साली माझी नेमणूक रायगड जिल्ह्यातल्या एका शाखेत होती. पेणच्या आसपासचे गणपतीचे कारखाने आमच्याकडे कर्ज मागायला येत. माल पाहिल्याशिवाय कर्ज द्यायचं नाही, म्हणून मी एका कारखान्यात गेलो. जुलै महिना, बाहेर मुसळधार. आत फळ्यांवर शे-दीडशे मूर्ती, अंगरंग झालेला, सोवळं-शेला झालेला, आणि डोळे नाहीत. मालक नावाजलेले मूर्तिकार. मुंबईहून मोटारी घेऊन माणसं यायची त्यांच्या मूर्तीसाठी. दारावर पाटी: त्यांचं नाव, पुढं 'आणि सन्स'. सन्स तेव्हा तिसरीत आणि पाचवीत होते.

मी म्हटलं, ''हे डोळे कधी?'' ते म्हणाले, ''आखणी रात्री, साहेब. आमच्या मंडळी करतात. माझा हात नाही चालत त्यात.'' अगदी सरळपणे म्हणाले. थोड्या वेळानं वहिनी आल्या. स्वयंपाकाचे हात पदराला पुसले, पाटावर बसल्या, मांडीशी मूर्ती घेतली, बारीक कुंचला उचलला. कुणी बोलत नव्हतं. पहिल्यांदा भुवईची रेघ, मग पापणी, मग बुबुळ. गणपती माझ्याकडे पाहायला लागला. मी बँकेचा माणूस, श्रद्धाळूही बेताचाच. पण अंगावर काटा आला, हे खरं. गिऱ्हाईक मुंबईहून येत होतं ते त्या नजरेसाठी.

मग कागदपत्रं झाली. कर्जदार: मालक. व्यवसाय: मूर्तिकार. जामीनदार दोन लागत. एक त्यांचा भाऊ, दुसऱ्या वहिनी. अर्ज मीच भरून घेत होतो. वहिनींच्या नावापुढं व्यवसायाचा रकाना आला. मी विचारलंसुद्धा नाही. 'गृहिणी' असं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. तासाभरापूर्वी अंगावर आलेला काटा अजून गेला नसेल. त्यांनी सही केली, म्हणाल्या, ''चहा घेऊन जा, साहेब.'' कर्ज वेळेवर फिटलं. माझ्या खात्यात ते एक चांगलं प्रकरण म्हणून जमा आहे.

त्या रकान्यात मी काय लिहायला हवं होतं, याचा विचार मी नंतर पुष्कळदा केला आहे. कुणी मला अडवलं नव्हतं. बँकेचा तसा नियम नव्हता. मूर्तिकारांनी बायकोचं श्रेय लपवलं नव्हतं. दुष्ट कुणी नव्हतं आणि चूक घडली. म्युंटरच्या बाबतीतही कांडिन्स्कीला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. घरगुती माणूस म्हणून तो नादान वागला, यात शंका नाही. पण चित्रकार म्हणून तिला त्यानं कधी कमी लेखल्याचं दिसत नाही. तिला गृहिणीच्या रकान्यात टाकलं ते नंतर आलेल्या माझ्यासारख्या अर्ज भरणाऱ्यांनी.

एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो चुकवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ती त्याच्या तोडीची होती का? कांडिन्स्कीनं चित्रकलेची दिशाच बदलली. म्युंटरनं ती बदलली नाही. तिनं काही अमूर्त चित्रं केली, पण ती पुन्हा पुन्हा टेबल, खिडकी, रस्ता, माणूस यांच्याकडेच परतली. माझ्यापुरतं उत्तर असं की हा प्रश्न मी पु. शि. रेगे आणि मर्ढेकर यांच्याबद्दल विचारत नाही, मग इथंच का विचारतो? नवराबायको किंवा जोडीदार असले की आपण लगेच तराजू काढतो. आणि एकदा पारडं खाली गेलं की वर गेलेल्या पारड्यात काय होतं ते पाहत नाही. तिला देवी करण्याचीही घाई नको. १९३० नंतरच्या दशकात तिच्या गावाजवळून नवा रस्ता होत होता. माती उपसणाऱ्या निळ्या यंत्राची तिनं चित्रं काढली, आणि 'हिटलरचे रस्ते' या विषयावरच्या सरकारी प्रदर्शनात भागही घेतला. पोटासाठी म्हणा, चित्रं लोकांपुढं यावीत म्हणून म्हणा. तळघरात ती चित्रं आणि वर हे.

पण पाहायचं तर तिच्या चित्रात पाहावं. त्या चौघांच्या संगतीविषयी तिनं जेवढं सांगितलं आहे तेवढं कुठल्या चरित्रकारानं सांगितलेलं नाही. १९०९ चं एक चित्र आहे, नाव 'ऐकताना'. याव्हलेन्स्की टेबलाशी बसला आहे, पुढं बशीत जेवण, गोल गुलाबी चेहरा, भुवया चढलेल्या. कांडिन्स्की कलेचं तत्त्वज्ञान सांगतो आहे, आणि या बिचाऱ्याला ते काही केल्या उमगत नाही. कांडिन्स्की चित्रात कुठंच नाही. तो बोलतो आहे एवढं दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. ही विचार न करता उमटलेली रेघ म्हणायची?

त्याच वर्षी तिनं वेरेफकिनचं व्यक्तिचित्र केलं. पिवळीधमक पार्श्वभूमी, फुलांनी लादलेली मोठी टोपी, जांभळा रुमाल, आणि वळून आपल्याकडे टाकलेली राणीची नजर. ही वेरेफकिन रशियातल्या रेपिनसारख्या गुरूकडे तयार झालेली, नाव मिळवलेली चित्रकार. याव्हलेन्स्कीला मोठं करायचं म्हणून तिनं सुमारे दहा वर्षं कुंचला खाली ठेवला होता. आणि त्याच काळात याव्हलेन्स्कीला तिच्याच मोलकरणीपासून मुलगा झाला. पुढं त्यानं लग्नही त्या मोलकरणीशी केलं. एकाच टेबलाशी बसणाऱ्या दोन बायका. म्युंटरनं दुसरीला बिचारी केलं नाही. सोन्यासारख्या रंगावर बसवून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

आणि १९१० चं होडीचं चित्र. ते अमेरिकेत मिलवॉकीच्या संग्रहालयात आहे. मी छापील पाहिलं. तळ्यात होडी. कांडिन्स्की मधोमध ताठ उभा, मागं डोंगर. वेरेफकिन आणि तो लहान मुलगा बसलेले, तोंडं आपल्याकडे. आपल्या सगळ्यांत जवळ, आपल्याकडे पाठ करून, एक बाई वल्ही मारते आहे. ती म्युंटर. पहिल्यांदा पाहताना नजर उभ्या माणसाकडे जाते. मग लक्षात येतं की होडी चालली आहे ती कुणामुळे. आणि हे सगळं आपण ज्या जागेवरून पाहतो आहोत ती जागाही तिच्याच पाठीमागची. स्वतःची पाठ तिनं स्वतः रंगवली आहे, काय होत होतं ते तिला पुरतं दिसत होतं.

अलीकडे वारं बदललं आहे. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०२४ साली 'निळ्या घोडेस्वारां'चं प्रदर्शन भरलं तेव्हा शीर्षकात कांडिन्स्कीच्या जोडीला म्युंटरचं नाव होतं. त्याच वर्षअखेर माद्रिदमध्ये, मग २०२५ मध्ये पॅरिसमध्ये तिची एकटीची प्रदर्शनं झाली, आणि त्या वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये. हे गुगेनहाइम तर कांडिन्स्कीच्या चित्रांवर उभं राहिलेलं. १९२९ पासून संस्थापकानं ती विकत घ्यायला सुरुवात केली होती. त्या इमारतीत तिला स्वतंत्र दालनं मिळायला तिच्या मृत्यूनंतर साठाहून अधिक वर्षं लागली. मुलीनं फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा मला आनंद झाला, आणि पेणच्या वहिनींच्या मूर्ती आठवल्या. त्या तर दीड दिवसानं, पाच दिवसांनी, दहा दिवसांनी पाण्यात गेल्या. त्यांचं प्रदर्शन कुठं भरवणार?

मुर्नाऊच्या घराची एक गोष्ट सांगायची राहिली. ते आता सगळ्यांना पाहायला खुलं आहे. जिन्याच्या कडेवर कांडिन्स्कीनं रंगवलेले घोडेस्वार आणि फुलं आहेत, दोघांनी रंगवलेलं लाकडी सामान आहे, खिडकीतून चर्च दिसतं. १९९८-९९ मध्ये घराची नीट दुरुस्ती करून ते पूर्वीच्या रूपात आणलं गेलं. पूर्वीच्या म्हणजे कुठल्या? १९०९ ते १९१४. तो तिथं येत होता ती वर्षं.

सगळं पाहून आम्ही बागेत आलो. माझ्या बायकोनं विचारलं, ''मग ही नंतर कुठं राहिली?''

''इथंच, आई. एकतीस सालापासून मरेपर्यंत. बासष्टपर्यंत,'' मुलगी म्हणाली.

''एकतीस वर्षं? मग तिची म्हातारपणीची बसायची खुर्ची कुठली होती त्यांतली?''

मुलीनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. खाली रुळांवरून म्युनिकची गाडी जात होती. पुढची तासाभरानं होती, म्हणून आम्ही पुन्हा आत गेलो.